कपाटातली वाळू आणि लेकीचा आक्षेप

पत्राचा सारांश : पत्रलेखिकांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्या हिशेब विभागात नोकरी करतात. वीसेक वर्षांपासून त्या वाळू जमवत आहेत. सुरुवात सहज झाली. पुढे भाचे, नातेवाईक आणि कार्यालयातील सहकारी जिथे जातील तिथून त्यांच्यासाठी वाळू आणू लागले आणि आज कपाटात दीडशेच्या वर बाटल्या आहेत. त्यांतील चाळीसेक बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत किंवा त्यांवर नुसते 'समुद्र', 'दादाने आणलेली' एवढेच लिहिलेले आहे. कपाटाची फळी वाकल्यामुळे यजमान कुरकुर करतात. जाऊबाई म्हणतात, "वाळूच ती, कुठलीही आणली तरी सारखीच." पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या मुलीने इटलीच्या सहलीहून वाळू आणायला नकार दिला आणि "आई, ही सरळ चोरी आहे," असे सर्वांसमोर सुनावले. भाचा पुढच्या महिन्यात परदेशी निघाला आहे आणि "मावशी, वाळू आणू ना?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही. आपण विज्ञान शिकलेलो नाही, तेव्हा याला अभ्यास म्हणण्याचा अधिकारही आपल्याला नाही, असे पत्रलेखिकांना वाटते. छंद सोडावा का, आणि जमलेली वाळू परत पाठवावी की नदीत सोडून मोकळे व्हावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रात दोन आक्षेप शेजारी शेजारी उभे आहेत. जाऊबाईंच्या मते वाळू इतकी क्षुल्लक आहे की ती जमवण्यात काही अर्थ नाही, आणि लेकीच्या मते ती इतकी मोलाची आहे की मूठभरसुद्धा उचलू नये. ही दोन्ही मते एकाच वेळी पूर्णपणे खरी असणे कठीण आहे. तरीही तुम्ही दोघींचेही म्हणणे मान्य करून स्वतःला दोनदा दोषी ठरवले आहे. या दोघींना वेगवेगळी उत्तरे द्यावी लागतील आणि ती मी पुढे देणारच आहे. पण त्याआधी तुमचे स्वतःचे एक गृहीत तपासून पाहू, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

पत्रात दीडशे बाटल्यांचा उल्लेख आहे, हुकलेल्या इटलीची रुखरुख आहे, भाचा जाणार आहे त्या देशाची उत्सुकता आहे. मात्र एखाद्या बाटलीतली वाळू जवळून पाहिल्यावर कशी दिसते, याविषयी पत्रात एकही ओळ नाही. मी हे उणे काढण्यासाठी म्हणत नाही. वाळू जमवणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. पण संग्रह म्हणजे ठिकाणांची संख्या, असे एकदा मनाने धरले की पुढचे सगळे त्याच ओघात येते: दुसऱ्यांना आणायला सांगावे लागते, आणलेले नीट नोंदवले जात नाही, फळी वाकते, आणि कोणी "याचे करायचे काय?" असे विचारले की आपल्यापाशी आकड्याशिवाय सांगण्यासारखे काही नसते.

जाऊबाईंशी वाद घालू नका, त्यांना वाळू दाखवा. एका जाड कार्डाचा अर्धा भाग काळा करा आणि अर्धा पांढरा राहू द्या. त्यावर एखाद्या बाटलीतली अर्धी चिमूट वाळू कणावर कण चढणार नाही अशी विरळ पसरा. जवाहिरे वापरतात तसले दहा पट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि कार्ड हळूहळू भिंगाकडे आणा. भिंग वस्तूवर ठेवून लांबून वाकून पाहण्याची सवय बहुतेकांना असते आणि म्हणूनच त्यांना काही दिसत नाही. उजेड वरून न घेता बाजूने, तिरपा पडू द्या. आता कण एकेकटे दिसू लागतील. पारदर्शक किंवा धुरकट, सपाट बाजू नसलेले कण बहुधा क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीच्या कुळातले असतात. दुधी किंवा गुलाबी रंगाचे, आणि कार्ड फिरवताना एखादी सपाट बाजू क्षणभर चमकून जाते असे कण फेल्डस्पारचे. पातळ, चकाकणारे पापुद्रे अभ्रकाचे. लालसर, पारदर्शक कण दिसले तर गार्नेटची शक्यता धरावी. काळ्या कणांसाठी चुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवा: मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचे कण उडी मारून कागदाला चिकटतात आणि कागद सोडवला की खाली पडतात. चुंबक उघडा वापरलात तर मात्र ते कण खरवडत बसण्याची वेळ येते. शेवटी थोडे कण काचेच्या तुकड्यावर वेगळे घेऊन त्यांवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर ते कण कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपले, प्रवाळ किंवा चुनखडीचे होत.

भूशास्त्रात वाळू ठरते ती कणाच्या आकारमानावरून, पदार्थावरून नव्हे. भूशास्त्रज्ञ वेंटवर्थ यांनी 1922 साली मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या मोजपट्टीनुसार 0.0625 ते 2 मिलिमीटर या मर्यादेत बसणारा कण वाळूचा, मग तो कशाचाही असो. त्यामुळे हवाईतील पापाकोलेआचा किनारा ऑलिव्हिन या खनिजामुळे हिरवट दिसतो; न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या टेकड्या जिप्समच्या आहेत, आणि ते खनिज इतके मऊ असते की त्यावर नखाने ओरखडा काढता येतो; जपानच्या इरिओमोते बेटावरची तारकाकृती वाळू ही फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय सजीवांची कवचे आहेत; आणि बहामाच्या उथळ, उबदार पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचे थरावर थर चढून गुळगुळीत, गोल कण तयार होतात. 'सारखीच' हा शब्द यांपैकी कोणत्या दोन वाळूंना लावायचा, हे जाऊबाईंना भिंगातून पाहून ठरवू द्या. त्यांना त्यात रस वाटलाच पाहिजे असा आग्रह मात्र धरू नका. कोणाला न रुचण्याने छंदाचे काही बिघडत नाही.

आता लेकीचे म्हणणे. चारचौघांत आईला 'चोरी' म्हणून सुनावण्याची तिची पद्धत मला पटत नाही. पण तिने ज्या देशाबाबत नकार दिला, त्या देशापुरते तिचे बरोबर होते, हे आधी स्पष्ट करतो. इटलीतील सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरची वाळू, गोटे, शिंपले उचलण्यास 2017 च्या प्रादेशिक कायद्याने बंदी आहे आणि त्यासाठी 500 ते 3000 युरो दंड होऊ शकतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या किआच्या किनाऱ्यावरची सुमारे 40 किलो वाळू 14 बाटल्यांत भरून बोटीने निघालेले एक फ्रेंच जोडपे पकडले गेले, तेव्हा त्यांच्यावर थेट चोरीचा आरोप ठेवला गेला. सार्डिनियाजवळच्याच बुदेल्ली बेटावर एक गुलाबी किनारा आहे. समुद्रातील सूक्ष्मजीवांच्या गुलाबी कवचांमुळे त्याला तो रंग येतो. पर्यटकांनी नेऊन नेऊन तिथली वाळू इतकी घटली की 1990 च्या दशकापासून त्या किनाऱ्यावर पाऊल टाकण्यासही मनाई आहे. हवाईत किनाऱ्यावरून वाळू नेण्यास राज्याच्या कायद्याने बंदी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तर वाळूच काय, दगडही उचलता येत नाही, म्हणजे वर सांगितलेली व्हाइट सँड्सची जिप्सम वाळूही त्यात आली.

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो, आणि तो तुमच्याही मनात आला असेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे 50 अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. मग माझ्या चमचाभर वाळूने काय बिघडते? आकडा खरा आहे आणि नद्या-किनाऱ्यांचे खरे नुकसान उपशानेच होते, हेही खरे आहे. लेक वाळूच्या प्रश्नाविषयी गंभीर असेल तर तिने आईच्या कपाटाइतकेच लक्ष त्या उपशाकडेही द्यावे, असे तिला जरूर सांगा. पण या आकड्याच्या आड लपू नका. बुदेल्लीची वाळू ट्रकने नेलेली नाही, ती खिशांतून आणि पिशव्यांतून गेली, आणि नेणाऱ्या प्रत्येकाला आपली मूठ नगण्यच वाटली होती. जिथे वाळू थोडी, वेगळ्या रंगाची आणि प्रसिद्ध असते, तिथे चमच्यालाही वजन येते; आणि संग्राहकांचा ओढा नेमका तशाच जागांकडे असतो.

तेव्हा भाच्याला आजच कळवा की वाळू आणू नकोस. यात माझा मुख्य मुद्दा वाळूचा नसून भाच्याचा आहे. तुमच्यासाठी प्रेमाने वाळू आणणारा माणूस त्या देशाचा नियम वाचत नाही, विमानतळावर पिशवी उघडली गेली तर उत्तर त्याला द्यावे लागते, आणि लेबल नसलेली पांढरी, भुकटीसारखी वस्तू सामानात सापडली की चौकशी होणारच. शिवाय अनेक देश रोग आणि किडींच्या भीतीने परदेशी मातीवर बंधने घालतात. वाळूत मुळे, पाने किंवा माती मिसळलेली असेल तर तीही या बंधनांत येऊ शकते. ऑस्ट्रेलियासारखे देश याबाबत फार कडक आहेत. भाच्याला काही आणायचेच असेल तर त्याने किनाऱ्याचे छायाचित्र आणावे, म्हणजे दुरून एक, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून अगदी जवळून एक. एखाद्या ठिकाणचा नमुना खरोखर हवाच असेल तर तिथला नियम तुम्ही स्वतः शोधा, परवानगी लेखी मिळते का ते पाहा, आणि मगच सांगा. आपल्याकडच्या एका गोष्टीचीही नोंद ठेवा: केरळच्या काही किनाऱ्यांवरील काळसर वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त, किरणोत्सारी खनिज असते आणि अणुऊर्जा कायद्यानुसार त्यावर नियंत्रण आहे. त्या वाळूच्या वाटेला छंदापायी जाऊ नये.

मग उरते काय, असे तुम्ही विचाराल. माझ्या मते बरेच काही उरते, आणि इतकी वर्षे राहून गेलेले कामच उरते. दूरच्या दीडशे ठिकाणांची एकेक बाटली एकमेकींविषयी फारसे काही सांगत नाही. एकाच ठिकाणचे पाच नमुने पुष्कळ सांगतात. जिथे मनाई नाही अशा एखाद्या नदीकाठी वरच्या अंगाला, मधे आणि मुखाजवळ असे तीन नमुने घ्या. सामान्यतः खाली जाताना कण बारीक होत जातात, लवकर झिजणारी खनिजे कमी होतात आणि क्वार्ट्झचे प्रमाण वाढते. पण मधे एखादी उपनदी येऊन मिळाली की हा क्रम बिघडतो, आणि तो का बिघडला हे शोधण्यातच खरी गंमत आहे. किनाऱ्यावर असाल तर भरतीच्या रेषेवरचा आणि मागच्या वाळूच्या टेकडीचा असे दोन नमुने पाहा. वारा बारीक कणच उचलू शकतो, म्हणून टेकडीवरची वाळू सहसा अधिक बारीक आणि एकसारख्या कणांची असते. वादळी लाटांनंतर हलकी वाळू वाहून जाऊन जड, काळ्या खनिजांचा पट्टा मागे राहिलेला दिसतो. क्वार्ट्झची घनता घन सेंटिमीटरला 2.65 ग्रॅम आणि मॅग्नेटाइटची 5.2 ग्रॅमच्या आसपास असते, त्यातूनच ही निवड आपोआप होते. नामिबच्या वाळवंटात किनाऱ्याकडून आत जावे तसतशी वाळू अधिक तांबडी होत जाते, कारण कणांवर लोह ऑक्साइडचा लेप असतो. एकाच वाळवंटातल्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्याशिवाय हे कोणालाही दिसणार नाही.

आणि किनारा किंवा नदी जवळ नसेल तर कोणत्याही बांधकामापाशी पडलेला ढीग चालेल. तिथल्या माणसाला विचारून चमचाभर घ्या, आणि वाळू कुठून आली तेही विचारा. हल्ली पुष्कळ ठिकाणी क्रश सँड वापरतात. ती दगड फोडून केलेली असल्यामुळे तिचे कण धारदार कडांचे आणि ताज्या तुटीचे दिसतात. नदीतून आलेल्या कणांच्या कडा थोड्याफार तरी बोथट झालेल्या असतात. हा फरक एकदा भिंगातून पाहिला की तुमच्या जुन्या बाटल्यांमधले गोलसर, निस्तेज पृष्ठभागाचे, वाऱ्याने घासलेले कणही तुम्हाला ओळखता येऊ लागतील.

या सगळ्याचा पाया म्हणजे चिठ्ठी. तिचे मोल सांगणारी एक हकिगत दुसऱ्या महायुद्धातली आहे. 1944 च्या नोव्हेंबरपासून जपानने उंच वाऱ्यांच्या प्रवाहात बाँब बांधलेले कागदी फुगे अमेरिकेकडे सोडले. त्यांना भार म्हणून लावलेल्या पिशव्यांमधली वाळू अमेरिकेच्या भूशास्त्रज्ञांनी तपासली. तिच्यातली खनिजे, डायटम (सूक्ष्म शैवाल) आणि फोरॅमिनिफेरा यांची कवचे त्यांनी जपानच्या किनाऱ्यांविषयी आधीच प्रसिद्ध झालेल्या नोंदींशी ताडून पाहिली; वाळूत प्रवाळाचा अंश नव्हता, म्हणून दक्षिणेकडचे उबदार किनारे वगळले; आणि शोध होन्शू बेटाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आणून ठेवला. हे जमले, कारण युद्धाच्या कितीतरी आधी कोणीतरी कुठल्या किनाऱ्यावर काय सापडते हे शांतपणे लिहून ठेवले होते. तसेच फ्रान्समधल्या ओमाहा किनाऱ्याचे, जिथे त्याच महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे सैन्य उतरले होते. मॅकब्राइड आणि पिकार्ड या दोन भूशास्त्रज्ञांनी तिथून 1988 साली वाळूचा एक लहान नमुना नेला होता. पुढे तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यात 1944 च्या लढाईतील तोफगोळ्यांच्या लोखंडाचे झिजलेले कण आणि स्फोटांच्या उष्णतेने बनलेले लोखंडाचे व काचेचे सूक्ष्म गोळे सापडले. त्या नमुन्यात अशा लोखंडी तुकड्यांचे प्रमाण सुमारे 4 टक्के होते. बाटलीवर जागा आणि साल नसते तर त्या काळ्या कणांचा अर्थ लागणे अवघड होते.

हिशेबाचे काम करणाऱ्या व्यक्तीला नोंदवही कशी ठेवावी हे मी शिकवू नये. फक्त वाळूपुरते सांगतो: क्रमांक, ठिकाण, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, तारीख, नमुना कोणी घेतला, आणि नेमका कुठून घेतला, म्हणजे भरतीच्या रेषेवरून, टेकडीच्या पायथ्याशी की नदीच्या पात्रात. तोच क्रमांक बाटलीवर, झाकणावर आणि आत टाकायच्या छोट्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई उजेडाने उडते, पेन्सिल टिकते. ज्यांनी पूर्वी वाळू आणून दिली त्या सगळ्यांना या महिन्यात फोन करा. लोकांना सहलीचे साल आठवत नसले तरी कोणाच्या लग्नानंतर गेलो होतो ते नक्की आठवते, आणि त्यावरून साल काढता येते. अंदाजाने भरलेली माहिती मात्र 'अंदाजे' असे स्पष्ट लिहूनच भरा.

जिथला काहीच पत्ता लागत नाही त्या बाटल्यांविषयी तुम्ही दोन मार्ग सुचवले आहेत, आणि मला ते दोन्ही पटत नाहीत. नदीत किंवा बागेत ती वाळू मुळीच सोडू नका. तिच्यात बी, बुरशी किंवा किडींची अंडी असू शकतात, आणि पुढे त्या नदीतून नमुना घेणाऱ्याला तिथे नसलेली खनिजे सापडतील ते वेगळेच. परत पाठवणेही वाटते तितके उपयोगाचे नसते. अमेरिकेतील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक माफीची पत्रे लिहून अश्मीभूत लाकडाचे तुकडे परत पाठवतात. पण ते नेमके कुठून उचलले हे ठाऊक नसल्यामुळे मूळ जागी ठेवता येत नाहीत आणि त्यांचा वेगळा ढीग करावा लागला आहे. निनावी वाळूचा चांगला उपयोग सरावासाठी होतो: चुंबक, व्हिनेगर, चाळण्या, कण मोजणे, सगळे आधी तिच्यावर करून पाहा. उरलेली पिशवीत घट्ट बांधून घरातल्या कोरड्या कचऱ्याबरोबर टाका. ज्या बाटल्यांचे ठिकाण माहीत आहे पण तिथे मनाई होती किंवा आहे, त्या संग्रहात राहू द्या, नोंदीत तसे स्पष्ट लिहा, आणि त्यांची देवघेव करू नका. ही यादी करायला लेकीला बसवा. नियम शोधण्यात तिचा हात तुमच्यापेक्षा चालतो, आणि 'चोरी' म्हणून मोकळे होण्यापेक्षा हे काम अवघड आहे, हे तिलाही कळेल.

यजमानांची तक्रार तर पूर्णपणे रास्त आहे. कोरडी वाळू लिटरला दीड किलोहून अधिक भरते. तुमच्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या असतील तर दीडशे बाटल्यांचे वजन शंभर किलोंच्या वर जाते, आणि साध्या कपाटाची फळी त्यासाठी केलेली नसते. अभ्यासाला 15 मिलिलिटर पुरते: अर्धा मिलिमीटर व्यासाचे कण धरले तर एका मिलिलिटरमध्ये आठ-दहा हजार मावतात, म्हणजे एवढ्याशा कुपीतही लाखभर कण होतात. काचेच्या लहान कुप्या घ्या. प्लास्टिकला बारीक वाळू चिकटून बसते आणि आतले दिसत नाही. समुद्राची वाळू कुपीत भरण्यापूर्वी गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, नाहीतर मीठ ओलावा धरते आणि गोळे होतात. मग कागदावर पसरून सावलीत पूर्ण वाळवा. अपवाद जिप्समचा: ते लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम विरघळते, म्हणून ती वाळू कधीही धुऊ नका. वाळू चाळताना किंवा ओतताना तोंड जवळ नेऊ नका, आणि कण कुटून बारीक करण्याच्या भानगडीत पडू नका. क्वार्ट्झची सूक्ष्म धूळ फुप्फुसांना घातक असते.

राहिला अधिकाराचा प्रश्न. शंख-शिंपले, दगड, बिया जमवणाऱ्या बऱ्याच वाचकांच्या पत्रांत तो असतो, म्हणून थोडे सविस्तर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वाळूच्या कणांचे आकार भिंगातून पाहून त्यांची चित्रे लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवणारे लेवेनहूक हे कापडाचे व्यापारी होते, त्यांचे विद्यापीठाचे शिक्षण झालेले नव्हते. मी त्यांचे नाव तुम्हाला धीर देण्यासाठी घेत नाही. त्यांनी जे केले त्यात नियमितपणे पाहणे आणि पाहिलेले लिहिणे एवढेच होते, आणि ते तुम्हाला येते. दर आठवड्याला एक कुपी घ्या. कार्डावर रेघा आखून चौकटी करा, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीने शंभर कण मोजा आणि प्रत्येक कण एका रकान्यात टाका: पारदर्शक, दुधी, काळा चुंबकीय, काळा अचुंबकीय, कवचाचा, दगडाचा तुकडा, न ओळखलेला. शेवटचा रकाना सुरुवातीला सर्वांत मोठा असेल. तो तसाच राहू द्या, नावे लावण्याची घाई करू नका. आवडते कण निवडून मोजू नका, ओळीत जो येईल तो मोजा. त्याच कुपीची मोजणी महिन्याने पुन्हा करा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. किती फरक पडतो त्यावरून तुमची नजर कितपत बसली आहे हे कळेल. रंगीत, एकसारख्या जाडीचे तंतू किंवा हलके, मऊ तुकडे दिसले तर ते प्लास्टिकचे असू शकतात. त्यांचा रकाना लेकीकडे सोपवा.

सूक्ष्मदर्शकाविषयी तुम्ही विचारले नाही, पण पुढचा मोह तोच असणार. दहा-बारा कुप्यांची मोजणी भिंगाने पुरी झाली आणि तरीही पाहण्याची इच्छा टिकली, तरच तो घ्या. घ्याल तेव्हा दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा, 20 ते 40 पट मोठे दाखवणारा आणि वरून उजेड पाडणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक घ्या. शाळेत असतो तो 400 पटींचा घेऊ नका. त्यात उजेड खालून येतो, आणि वाळूचे बहुतेक कण इतके जाड असतात की त्यांच्या जागी नुसते काळे ठिपके दिसतात.